थंडीत खुराडे कोंदट करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा घसरला की दुसऱ्या दिवशी द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे फोटो छापून येतात. ते रास्तच आहे. परसातल्या दहा-वीस कोंबड्यांसाठी मात्र गावोगाव एकच सल्ला फिरतो : खुराडे चारी बाजूंनी बंद करा आणि आत शेगडी ठेवा. निफाडच्या थंडीपेक्षा हा सल्ला घातक आहे, म्हणून हे पत्र.

पूर्ण पिसे आलेली गावरान, गिरिराज किंवा वनराज कोंबडी 5-6 अंशांची कोरडी थंडी सहज सोसते. तिच्या अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते. पिसे फुलवून ती त्यांत हवा धरून ठेवते आणि तीच तिची गोधडी. पिसे ओली झाली किंवा त्यांत वारा शिरला की ही सोय संपते. म्हणजे अडवायचा आहे तो वारा आणि ओल. हवा अडवायची नाही.

बारदान ज्या बाजूने वारा येतो तिकडेच बांधावे, तेही खालून वर. छपराखाली किमान एक फूट पट्टा रात्रभर उघडा हवा. विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, त्यात कोंबड्यांच्या श्वासाची वाफ. हा दमटपणा वरून निघून गेला नाही, तर पहाटे पत्र्याला खालून थेंब धरतात आणि कोंबड्यांच्या पाठीवर ठिबकतात. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा अर्धा फूट थर टाकून वर दोरी ताणली की पत्रा एवढा गार पडत नाही आणि थेंब बरेच कमी होतात. दुसरी गोष्ट अमोनियाची. सकाळी दार उघडल्यावर उभ्याने वास घेऊ नका. वाकून कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर ती रात्रभर त्याच हवेत होती. मग शिंका, डोळ्यांतून पाणी, श्वासाची घरघर सुरू होते आणि दोष ‘थंडी बाधली’ म्हणून हवामानावर जातो.

खाली भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले तीन-चार इंच जाड असावीत आणि एक दिवसाआड खालवर करावीत. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन तसाच राहिला तर तूस ओले आहे. तेवढा भाग काढून नवे टाकावे. चुना मिसळायचा असेल तर कोंबड्या बाहेर सोडल्यावरच. ओल्या तुसावर चुना पडला की अमोनियाचा भपका उठतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रात्री बसायला दोन इंच रुंदीची सपाट लाकडी पट्टी द्यावी. गोल बारीक काठीवर बोटे उघडी राहतात. सपाट पट्टीवर कोंबडी पायांवर बसते आणि पोटाची पिसे बोटे झाकतात. तुऱ्याला व्हॅसलीन चोपडण्याचा सल्ला बर्फाच्या देशांतला आहे, आपल्याकडे त्याची गरज नाही.

खरी काळजी पिल्लांची. चार-पाच आठवड्यांपर्यंत पुरती पिसे नसतात, त्यामुळे पिल्लाला बाहेरून ऊब लागते : पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. तापमान पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, तुसापासून दोन इंचांवर मोजायचे. भिंतीवरच्या तापमापकाचा इथे उपयोग नाही. शंभर पिल्लांना पाच-सहा फूट व्यासाचे, दीड फूट उंच पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे. ऊब देणाऱ्या दिव्याचे दर पिल्लामागे 2 वॅट, कडाका असेल तर 3 वॅट. इथे आता नवीच चूक होते. घरातले दिवे बदलताना खुराड्यातही एलईडी लावला जातो. त्याचा उजेड भरपूर, ऊब जवळजवळ नाही. पिल्लांसाठी जुना तारेचा 100 वॅटचा बल्ब किंवा इन्फ्रारेड दिवाच हवा. शंभर वॅटचे दोन बल्ब वेगवेगळ्या होल्डरवर लावावेत, म्हणजे एक उडाला तरी रात्र निभते. तुसापासून दीड फुटावर, साखळीने टांगावेत. वायरला लोंबकळणारा बल्ब तुसात पडला तर आग लागते. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच दिवे सुरू करावेत, कारण गार तुसावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय आणि पोट आधी गारठते.

तापमापकापेक्षा पिल्लेच खरे सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी, चोच उघडून कड्याला चिकटली तर जास्त, सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील तर ठीक. एका बाजूलाच गोळा झाली तर समोरच्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. ढिगाऱ्यात खालची पिल्ले गुदमरून मरतात, म्हणून कड्याला कोपरे नकोत. ही पाहणी रात्री दहाला पुरत नाही. पहाटे तीन ते सहा हा खरा कडाका.

वीज गेली की शेगडी आठवते. बंद जागेत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, धूर दिसत नसला तरी तो असतो. त्यापेक्षा पाच लिटरच्या कॅनमध्ये गरम पाणी भरून बारदानात गुंडाळावे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात तुसावर ठेवावे. वीस-पंचवीस पिल्ले त्याला टेकून बसतात. कॅन दोन असावेत, आलटून पालटून. आणि घरात खुडूक कोंबडी असेल तर दहा-बारा पिल्ले रात्री तिच्या पोटाखाली सरकवा. तिला वीज लागत नाही.

थंडीत कोंबडी खाते जास्त, पाणी पिते कमी. सकाळी कोमट पाणी द्यावे. मावळतीच्या तासभर आधी कोंबडीमागे 15-20 ग्रॅम अख्खा मका किंवा बाजरी द्यावी, ती रात्रभर पचते. याहून जास्त नको, चरबी धरते. अंडी घटतात ती मात्र बहुधा उजेड कमी पडल्याने. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, कोंबडीला हवा चौदा-पंधरा. इथे एलईडी चालतो, पण पहाटे लावावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात पट्टीवर चढू शकत नाहीत.

पशुसंवर्धन खात्याला एक विनंती आहे. परसातील कुक्कुटपालन योजनेत शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट दिला जातो. डिसेंबर आणि जानेवारीत नाशिक, धुळे, जळगावसारख्या जिल्ह्यांत ही पिल्ले वाटू नयेत. द्यायचीच तर पिसे आलेली, महिनाभराहून मोठी द्यावीत. ते जमत नसेल तर प्रत्येक गटासोबत एक तापमापक आणि तारेचे दोन बल्ब द्यावेत.

आपला,
एक कुक्कुटपालक वाचक,
निफाड तालुका, जि. नाशिक