सिस्टर रात्री पेशंटला का उठवतात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डोक्याला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून एक तक्रार हमखास करतात : "सिस्टर सारख्या येऊन उठवतात, बिचाऱ्याचा डोळा लागू देत नाहीत." पावसाळ्यात रस्ते निसरडे झाले, मोटारसायकली घसरू लागल्या की ही तक्रारही वाढते. उठवावं का लागतं, आणि अर्धवट उठवलं तर काय बिघडतं, ते सांगावं म्हणून हे पत्र.

कवटीला ताणायला जागा नसते. आत रक्त साठलं किंवा मेंदूला सूज आली की दाब वाढतो आणि आधी मंदावते ती जाणीव. बीपी वर चढणं, नाडी संथ होणं आणि श्वास वेडावाकडा होणं ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली, तर बराच उशीर झालेला असतो. म्हणजे बीपी-नाडीचा तक्ता छान आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कवटी आणि मेंदूवरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठतं तेव्हा तर पेशंट आधी चांगला बोलतो, पाणी मागतो आणि मग हळूहळू बेशुद्धीत बुडतो. झोपलेला आणि बुडणारा, दारातून बघितलं तर दोघं सारखेच दिसतात. "मस्त घोरतोय, झोपू दे" असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अशा पेशंटचं नव्यानं सुरू झालेलं घोरणं म्हणजे जीभ मागं पडून श्वासाची वाट अडत असल्याची खूण असू शकते.

जाणीव मोजायचं माप, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस), १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोघांनी दिलं. डोळे उघडण्याला ४ पर्यंत, बोलण्याला ५ पर्यंत आणि हालचालीला ६ पर्यंत गुण. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. माप सोपं आहे, घोळ होतो तो लिहिताना. 'जीसीएस ९' एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. डोळे ४, बोलणं १, हालचाल ४ याची बेरीज ९. डोळे २, बोलणं २, हालचाल ५ याचीही ९. दोन्ही पेशंट पूर्ण वेगळे. म्हणून तिन्ही आकडे सुटे लिहायचे. श्वासाची नळी घातलेल्याच्या बोलण्यापुढं १ न लिहिता 'तपासता येत नाही' असं लिहायचं, डोळे सुजून बंद झाले असतील तरी तसंच.

बोलण्याचे गुण देताना आपल्या भागात वेगळीच गफलत होते. निपाणी-चिकोडीकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या माणसाला मराठीत प्रश्न विचारले आणि तो गप्प राहिला, की त्याचे गुण विनाकारण कमी होतात. महिना विचारल्यावर म्हातारा शेतकरी "आषाढ" म्हणाला तर उत्तर बरोबर आहे. त्याच्याकडून 'जुलै'ची अपेक्षा कशाला? ऐकू कमी येतं का, हे नातेवाइकांनाच आधी विचारावं. अर्धांगवायूनं वाचा गेलेला माणूस शुद्धीत असूनही बोलण्यात १ गुणावरच राहू शकतो, त्याची खरी स्थिती हालचालीवरून कळते. आणि "पिऊन आलाय" हे निदान नव्हे. दारूचा वास येणाऱ्याच्याही डोक्यात रक्तस्राव असू शकतो.

हालचाल बघताना "हात दाबा" एवढ्यावर थांबू नये. तळहातावर काही टेकलं की आपोआप मूठ मिटते, ती आज्ञा पाळणं नव्हे. "दाबा" नंतर "सोडा" म्हणायचं, किंवा "जीभ दाखवा", "दोन बोटं दाखवा" असं सांगायचं. हाकेला प्रतिसाद नसेल तर बोटाच्या नखाच्या मुळाशी पेन आडवा धरून दाब हळूहळू वाढवत न्यायचा, साधारण १० सेकंदांपर्यंत. मग खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून बघायचा. त्या चिमटीकडं हात गळपट्टीच्या हाडाच्या वर आला तरच ५ गुण. छातीच्या हाडावर मूठ रगडायची सवय आता मोडायला हवी. त्यानं कातडीवर काळेनिळे वळ उठतात.

डोळ्यांच्या बाहुल्या बघताना आधी वॉर्डातला दिवा मंद करावा आणि बारीक टॉर्चचा उजेड बाजूनं आत आणावा. मोबाइलचा दिवा पसरट आणि फार प्रखर असतो, आकाराचा अंदाज चुकतो. माप मिलिमीटरमध्ये लिहावं. 'नॉर्मल' हा आकडा नाही. एक बाहुली नव्यानं मोठी झाली आणि उजेडाला आकसेना, तर धावतच डॉक्टरांना बोलवायचं. मात्र काहींच्या बाहुल्या मुळातच किंचित लहान-मोठ्या असतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आकार बिघडलेला असू शकतो, आणि कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. म्हणून पहिली नोंद भरतीच्या वेळीच हवी. नंतरच्या नोंदी तिच्याशीच ताडून बघायच्या असतात.

किती वेळानं बघायचं? जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासानं. १५ झाल्यावर पुढचे २ तास अर्ध्या-अर्ध्या तासानं, मग ४ तास तासातासानं, नंतर दर २ तासांनी. एका अंकाची घसरण अर्धा तास टिकली तरी डॉक्टरांना कळवायचं. हालचालीत घसरण असेल तर ती जास्त गांभीर्यानं घ्यायची.

खरी अडचण इथं सुरू होते. नीट तपासायला एका पेशंटला चार मिनिटं लागतात. एका सिस्टरकडं असे बारा पेशंट आले तर प्रत्येकाला तासातून एकदाच बघूनही तासातली ४८ मिनिटं त्यातच जातात. उरलेल्या १२ मिनिटांत औषधं, सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), सलाईन आणि कुशी बदलणं. त्यातलं कुशी बदलणं एकटीला जमतही नाही, आणि मानेला मार असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून वळवायला चार जण लागतात. मग होतं काय, तर वरच्या ओळीतला आकडा खालच्या ओळीत उतरतो. रात्रभर १५, १५, १५ आणि सकाळी एकदम ७. असा तक्ता दिसला तर समजावं की पेशंट एकाएकी बिघडलेला नाही, मधल्या वेळात कुणी बघितलेलंच नाही. माणसं वाढवा ही मागणी जुनीच आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण आजच्या माणसांतही एक गोष्ट करता येते : ड्युटी बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टरनी खाटेपाशी उभं राहून मिळून एकदा गुण द्यावेत. डोळे 'हाकेला' उघडले की 'दाबाला', यातला दोघींच्या समजुतीचा फरक तिथंच निघतो.

नातेवाइकांसाठी तीन गोष्टी. खाटेचं डोकं ३० अंश वर ठेवलेलं असतं आणि मान सरळ, म्हणजे डोक्यातलं रक्त मानेतल्या शिरांतून खाली उतरतं. मायेपोटी जाड उशी सरकवली की मान वाकते आणि दाब वाढतो. दुसरं, "ग्लुकोजची सलाईन लावा, ताकद येईल" हा आग्रह नको. शुगर उतरलेली असेल तर ग्लुकोज लगेच द्यायलाच हवं, पण एरवी त्यातली साखर शरीरात वापरली गेली की मागं नुसतं पाणी उरतं आणि मेंदूची सूज वाढते.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त नडते, ती म्हणजे तोंडातून देणं. अर्धांगवायूच्या पेशंटला सिस्टरची पाठ वळली की चमचाभर चहा, शहाळ्याचं पाणी, पेज दिली जाते. गिळण्याचे स्नायू लुळे असतील तर ते श्वासनलिकेत उतरतं, ठसकाही लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. आधी सिस्टरनी पेशंटला ताठ बसवून साध्या पाण्याचा एकेक चमचा तीनदा द्यायचा, प्रत्येक घोटानंतर "आऽ" म्हणायला लावायचं. खोकला आला किंवा आवाज घरघरीत झाला तर तोंडातून काही नाही, नाकातून नळी. ही तपासणी झाल्याशिवाय गोळीसुद्धा देऊ नये.

शेवटी तालुक्याच्या दवाखान्यांना विनंती. चंदगडहून कोल्हापुरात पोचायलाच दोन-अडीच तास जातात आणि अर्धांगवायूत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात. ही वेळ लक्षणं घरच्यांच्या लक्षात आली तेव्हापासून नव्हे, पेशंट शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजायची. झोपेतून उठल्यावर हात लुळा दिसला तर झोपायला गेला ती वेळ. चिठ्ठीवर 'पेशंट बेशुद्ध, पुढे पाठवत आहे' एवढंच येतं. त्याऐवजी ही वेळ, सुटे तीन आकडे, बाहुल्यांचं माप, शुगर, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, फिट आली असेल तर किती मिनिटं, एवढं लिहावं. आणि झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचं नाव, मात्रा आणि वेळ ठळक लिहावी. नाहीतर गुंगी औषधाची की मेंदूतल्या दाबाची, हे इथं आल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या,
मेंदूविकार विभागात काम करणाऱ्या काही परिचारिका, कोल्हापूर