सुई टोचली तर सकाळची वाट पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीचे दुसरे वर्ष, नाइट ड्यूटी. पहाटे तीनला एका रुग्णाचे रक्त काढले, सुईला टोपण लावायला गेले आणि ती डाव्या तर्जनीत घुसली. हातमोज्याच्या आत रक्ताचा ठिपका पसरताना दिसला. साबणाने हात धुतला, पट्टी लावली आणि गप्प राहिले. वापरलेल्या सुईला टोपण लावायचे नसते, हे शिकवले होते. चूक माझीच, मग सांगायचे कोणत्या तोंडाने? इन्चार्ज सिस्टरना सांगितले ते संध्याकाळी, पंधरा तासांनी.

एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे लागते, 72 तासांनंतर ते देत नाहीत. माझे वेळेत सुरू झाले. पण तो रुग्ण सकाळीच डिस्चार्ज घेऊन गेला होता. त्याचे रक्त तपासता आले असते, तर 28 दिवसांच्या गोळ्या, मळमळ आणि प्रत्येक तपासणीआधीच्या जाग्या रात्री कदाचित टळल्या असत्या. माझे सर्व रिपोर्ट निगेटिव्ह आले, तरी ते महिने मी विसरलेले नाही.

आज मी स्वतः वॉर्ड इन्चार्ज आहे. मुलींना माझे एकच सांगणे असते: त्याच ड्यूटीत सांगा, हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवण्याची, वाट पाहू नका. काही झाले नाही, थोडक्यात निभावले, तेही सांगा. परवा डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल (इंजेक्शनची छोटी बंद कुपी) निघाली. सिस्टरने लेबल वाचले म्हणून ती सिरिंजमध्ये भरली गेली नाही. तिने मुकाट्याने जागेवर ठेवली असती, तर ट्रे कसा भरला जातो हे आम्ही तपासलेच नसते. विरळ न करता ती थेट शिरेत गेली, तर हृदय बंद पडू शकते.

रुग्णाच्या नातेवाइकाने हात धरून ढकलले, तर "हे रोजचेच" म्हणून सोडून देतात. तेही लिहूनच ठेवायला हवे.

व्यवस्थापनातल्या मंडळींना मात्र कळकळीची विनंती. सांगायला आलेल्या माणसाला आधी "तुला काही झाले नाही ना?" असे विचारा. चूक कोणाची, याचा हिशेब नंतर होईल. आणि रात्री नेमके कोणाला कळवायचे, तो नंबर प्रत्येक वॉर्डात डोळ्यांसमोर असू द्या. आमच्याकडे तो मी मार्करने लिहून औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवला आहे.

— एक परिचारिका