वनमंत्री साहेब, झुडपी जंगल वाचवा पण त्याले कुंपण नका घालू

मा. वनमंत्री साहेब,
राम राम.

भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, विदर्भातलं झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांचे अन् गवताचे माळ, कोर्टाच्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे जंगलच समजायचं म्हणून. सगळं मिळून ८६ हजार हेक्टरच्या आसपास जमीन आहे ही. आमच्याकडे अर्धे लोक घरं जातील म्हणून घाबरले, बाकीचे प्लॉटचं काय होते ते पाहून राहिले. ज्या माळावर आम्ही चालायले, ढोरं न्यायले जातो त्याचं काय होईल हे कोणी विचारतच नाही.

मी तर म्हणतो निकाल चांगलाच आहे. नाहीतर हे माळ संपलेच होते. जिथं तिथं मुरूम खोदून नेला, रात्री ट्रॅक्टर चालतात, सकाळी पाहा तर खड्डा. आणि तोच उतार आमच्या मामा तलावाचा येवा आहे ना साहेब, पाणी तिथूनच येते, पूर्व विदर्भात असे माजी मालगुजारी तलाव ६ हजारांवर आहेत, माळ उकरला की पाण्यासंगं गाळ तलावात, मंग तलाव खोल करायची योजना वेगळी, तिचा निधी वेगळा.

आता भीती दुसरी आहे. जमीन तुमच्या खात्याकडे आली की लगेच चर खोदणार, काटेरी तार लावणार, सागवानाची रोपं लावणार आणि वर बोर्ड, प्रवेश निषिद्ध. असं करू नका बाप्पा. हा माळ रिकामा नाही. पळस आहे, बोरी आहेत, टेंभुर्णी, चारोळी, आणि पावसानंतर कुसळी गवत कंबरेएवढं. तितर-लावे जमिनीवरच अंडी घालतात, ससे, कोल्हे, रोही सगळे याच मोकळ्या गवतावर. दाट सावली केली तर गवत मरते. कोर्टानंही झुडपीवर पर्यायी वनीकरण (दुसरीकडं गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावणं) सरसकट करू दिलं नाही, दुसरी जमीन नाही असं मुख्य सचिवांनी लिहून द्यायचं आणि वर दुप्पट क्षेत्रावर झाडं लावायची अशी अट घातली. मंग रोपवनाची घाई कायले?

आणि माणसं. भरतीची पोरं पहाटे पाच वाजता तिथंच धावतात, तालुक्याच्या ग्राउंडवर जायले सगळ्यांजवळ गाडी नाही. म्हाताऱ्या बाया बोरं वेचतात, शाळेची पोरं पळसाच्या फुलांसाठी जातात, गायकी ढोरं घेऊन आखरावरून निघाला की सरळ माळावर. मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेली तेव्हा जमीन सरकारची झाली पण निस्तारपत्रकात चराई, जळतन, येण्याजाण्याची वाट हे गावाचेच हक्क लिहून ठेवले होते, तलाठ्याकडे आजही पाहाले मिळतील. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण तिथल्या जिप्सीचं भाडं आमच्या गावातल्या किती लोकांले परवडते हे तुम्हीच सांगा. फुकटात पायी फिरता येईल असं जंगल आमच्यासाठी हेच.

जिथं वाघाचा वावर आहे तिथं टायमिंग ठेवा, बोर्ड लावा, आम्ही काही वेडे नाही, मोहफूल वेचताना काय होते ते आम्हीच भोगतो. पण सरसकट बंदी नको.

राखायचं कसं म्हणाल तर गडचिरोलीतलं मेंढा लेखा पाहा, २००९ मध्ये वनहक्क कायद्यानं सामूहिक हक्क मिळाले आणि ग्रामसभा जंगल सांभाळून राहिली. आमच्याकडे ३ हेक्टरपेक्षा लहान तुकडे लय आहेत, कोर्टानं ज्या तुकड्यांना लागून जंगल नाही ते संरक्षित वन करायले सांगितलं. त्यांच्याकडे तर एक वनरक्षक किती लक्ष देणार? तिथं ग्रामसभेसंगं लेखी नियम करा. किती ढोरं, कोणत्या महिन्यात चराई बंद, जाळ कोणी विझवायचा. मुरूमवाल्यावर मात्र गुन्हा दाखल करा, त्यात सूट नको.

एक काम मात्र लवकर सांगा खाली. आमच्या भागात मोजणी होईल तेव्हा आदल्या दिवशी गावात दवंडी द्यायले लावा आणि नकाशात पांदण अन् पायवाटा दाखवा. नाहीतर उद्या जिथून आजपर्यंत चाललो तिथंच आमचं अतिक्रमण निघायचं.

आपला,
झुडपीच्या कडेवरचा एक शेतकरी