मंचुरियन खातो, पण ती माणसं आपल्याला माहीतच नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेज रोडला संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर केवढी गर्दी असते ते आपण सगळे बघतो, पण हे खाणं भारतात ज्यांनी रुजवलं त्या भारतीय चिनी लोकांबद्दल आपल्या मराठी पेपरांत जवळपास काहीच येत नाही, म्हणून हे पत्र.

चिकन मंचुरियन चीनमधून आलेलं नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये ते पहिल्यांदा केलं, आलं-लसूण-हिरवी मिरची आपली, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि वर कॉर्नफ्लॉवर, असं ते स्वतः सांगायचे. पण या लोकांचा इतिहास त्याच्याही दोनशे वर्षं मागे जातो. इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टोंग अच्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला, त्याने हुगळीकाठी जमीन घेऊन साखरेचा कारखाना काढला, त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी लोक दरवर्षी तिथे दर्शनाला जातात. पुढे चीनमधल्या कँटनकडचे सुतार आले, हुबेईचे दातांचे डॉक्टर आले, हाक्का नावाच्या चिनी समाजातल्या लोकांनी कोलकात्याच्या टांग्रा भागात चामड्याचे कारखाने टाकले. त्याच टांग्र्यात एक कालीमातेचं देऊळ आहे, तिथे प्रसादाला नूडल्स असतात!! आपल्या मुंबईतही माझगावला 1919 चं चिनी मंदिर आहे, आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

आता खरा मुद्दा, 1962. युद्ध सुरू झाल्यावर ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबासुद्धा चीनचे नागरिक होते अशा लोकांना, मग ते स्वतः भारतात जन्मलेले का असेनात, परकीय ठरवता येईल असे कायदे झाले. आसामातल्या माकुमसारख्या चहाच्या मुलखातून, शिलाँग, दार्जिलिंगकडून साधारण 3000 माणसं, त्यात म्हातारे आणि लहान मुलंही, रेल्वेत बसवून थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली. खटला नाही, आरोप नाही. काहींना जहाजाने चीनला पाठवून दिलं, जो देश त्यांच्या मुलांनी कधी पाहिलाही नव्हता, आणि काही जण 1967 पर्यंत आत राहिले. सुटून घरी आले तर बऱ्याच जणांची घरं, दुकानं लिलावात गेलेली. मग हळूहळू कॅनडा, ऑस्ट्रेलिया जिकडे जमेल तिकडे लोक निघून गेले. कोलकात्यात एकेकाळी वीसेक हजारांच्या घरात असलेली वस्ती आता दोनेक हजारांवर आलीय असं म्हणतात. 1996 मध्ये प्रदूषणामुळे चामड्याचे कारखाने हलवायचा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, तो योग्यच असेल, पण त्यानंतर टांग्र्यात कारखान्यांच्या जागी रेस्टॉरंट उभी राहिली.

शाळेत आम्ही 62 चं युद्ध शिकलो, ऐ मेरे वतन के लोगो ऐकून आजही डोळे भरून येतात आणि यायलाच पाहिजेत, पण देवळीचं नाव एकाही पुस्तकात नव्हतं. सीमेवरच्या जवानांचा मान राखूनच म्हणते, त्या मुलांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? सरकारने अजून त्यांची साधी माफीही मागितलेली नाही. आणि 2020 ला गलवाननंतर परत तेच, केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला म्हटलं, तेव्हा टांग्र्यातले चिनी लोक भारतीय सैन्याला पाठिंबा देत रस्त्यावर उतरले होते. इथे जन्मलेल्या माणसाला आपण भारतीय आहोत हे असं रस्त्यावर येऊन दाखवावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत या समाजावर दोन-तीन भागांची लेखमाला द्या, रेसिपी नको, माणसं द्या. देवळीत लहानपण गेलेले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्याशी बोलायचं तर आत्ताच. आणि नाशिक, देवळालीतल्या जुन्या वाचकांना पण आवाहन करा, 62 च्या आधी घरोघरी रेशीम विकणारे चिनी फेरीवाले किंवा दातांचे डॉक्टर कुणाला आठवत असतील, जुने फोटो असतील, तर ते पेपरकडे पाठवावेत. कुणी नाव-पत्ता सांगितला तर मी स्वतः जाऊन आठवणी लिहून आणायला तयार आहे.

आपली एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक