आजीच्या लुगड्यांना कात्री लावण्याआधी

कॅलगरी, १२ जानेवारी

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या लुगड्यांची गोधडी तू मशीनवर शिवणार हे वाचलं आणि पोटात धस्स झालं. थांब. आधी हे पत्र वाच, आईलाही वाचून दाखव.

प्रत्येक लुगडं खिडकीशी उजेडात धर. जिथून उजेड जास्त आत येतो तिथे कापड विरलंय. तो भाग मधल्या थरांत जाऊ दे, धड भाग वर आणि खाली. मग ओलं पांढरं फडकं लुगड्यावर घास. लाल आणि निळ्यावर तर घासच. फडक्याला रंग लागला तर ते लुगडं वेगळं धू, पाणी नितळ येईपर्यंत. मिठाच्या पाण्यावर विसंबू नकोस. एकदा रंगून आलेल्या कापडाला मीठ काही करत नाही, मी दोनदा करून पाहिलंय.

नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. चार सारखे तुकडे केलेस की दोन-दोन मीटरचे चार थर झाले, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची गोधडी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अपुरा वाटला तर दुसऱ्या लुगड्याची पट्टी जोड, पण सगळ्या थरांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नकोस. तिथे वळ उठतो आणि झोपताना टोचतो. काठ आधी कापून बाजूला ठेव, शेवटी कडेला लावायला.

आता मुख्य गोष्ट. ही गोधडी हातानेच शिव. मशीनची घट्ट टीप जुन्या मऊ सुताला सोसत नाही, टिपेच्या रेषेवरच कापड फाटत जातं. थर फरशीवर अंथर, कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेव, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढ. वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाल आणि मगच धावदोरा सुरू कर. आई कडेकडून फिरत फिरत मध्यावर येते. इथल्या बायका मधून सुरुवात करून बाहेर जातात. मला आईचीच रीत आवडते, कारण कडा आधी बांधल्या जातात. मात्र कच्चे टाके आळसाने लांब घातलेस तर मध्यावर फुगवटा येणारच. दोरा सुतीच घे, हातभरच ओव आणि मेणावरून ओढून घे, म्हणजे पीळ पडत नाही. दोरा कापडापेक्षा कणखर असला तर ताण पडला की आधी कापड जातं.

आईचं पायाचं मशीन टाके सोडतं म्हणालीस. कारागिराला बोलावण्याआधी सुई बदल. ब्लाउजच्या कापडाला ८० नंबर, मलमलला ७०, जीनला १००. सुईच्या ज्या बाजूला लांब खाच असते, त्याच बाजूने दोरा ओवायचा. सुई उलटी बसली तर नवी सुईसुद्धा टाके सोडते. कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला दोष देऊ नकोस, वरचा दोरा काढून, कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून पुन्हा ओव. शटलमधला, म्हणजे बॉबिन बसते तिथला, कचरा ब्रशने काढ. आणि खोबरेल घालू नकोस! थंडीत ते गोठतं, मग मशीन जड चालतं. मशीनचं तेल थेंब-थेंब घाल आणि आधी चिंधीवर चालवून बघ.

ते मशीन जप, विकू नकोस. मी तिकडून आणलेल्या मशीनची मोटर इथे नुसती कण्हते, कारण इथली वीज १२० व्होल्टची, तिकडच्या जवळपास निम्मी. पायाच्या मशीनला ती अडचणच नाही.

आईला आता सुई ओवता येत नाही, तर सकाळी दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून तिच्याजवळ ठेव. एक कड तिला घालू दे. हिरव्या लुगड्याचा हातभर काठ माझ्यासाठी ठेव, मी इथल्या गोधडीला लावीन.

तुझी,
ताई