चार वाफे आणि एकच झाड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जमिनीच्या त्या तुकड्यावर कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल असे चार वाफे करायचं तू ठरवलं आहेस हे वाचून फार बरं वाटलं. चौघांची निगा वेगवेगळी ठेवावी लागेल का, असं तू विचारतोस. याचं खरं उत्तर असं आहे की ती चार झाडं नाहीतच. एकच झाड आहे, ब्रासिका ओलेरेशिया नावाचं. माणसानं ते चार ठिकाणी अडवून धरलंय. हे एकदा मनात पक्कं बसलं की लागवडीतलं निम्मं आपोआप कळतं, म्हणून सविस्तर लिहितो.

कोबीत आपण खातो ती शेंड्याची कळी. पानं येत राहतात पण खोड लांबत नाही, त्यामुळे ती एकावर एक घट्ट गुंडाळली जातात आणि गड्डा धरतो. ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये हेच पानांच्या बेचक्यांत घडतं, दर बेचक्यात एक चिमुकला गड्डा. नवलकोल हा कंद वाटतो, पण तो जमिनीच्या वर फुगलेलं खोड आहे. नीट पाहिलंस तर त्यावर पानांच्या देठांच्या खुणा दिसतील. ब्रोकोली म्हणजे उमलायच्या बेतात असलेल्या कळ्या. केल ही नुसती पानं, आणि रानटी रूपाच्या सगळ्यात जवळची तीच.

फ्लॉवरची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. त्याच्या शेंड्याला फूल व्हायचं असतं, पण मध्येच ते काम सुटतं आणि तिथे नवा शेंडा निघतो. त्यालाही फूल व्हायचं असतं, त्याचंही तेच होतं. असं हजारो वेळा होऊन तो पांढरा गेंद तयार होतो. २०२१ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी हे कोणत्या जनुकांमुळे घडतं ते उलगडून दाखवलं. रोमनेस्को नावाच्या हिरव्या प्रकारात तर प्रत्येक शंकूवर तसेच लहान शंकू आणि त्यांवर आणखी लहान, असे डोळ्यांना स्पष्ट दिसतात. कुठे मिळाला तर हातात घेऊन पाहा.

आता हे झाड आलं कुठून? इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यावर चुनखडीच्या कड्यांना रानकोबी चिकटलेला असतो. माती जेमतेम, वारा खारा, पावसाचं पाणी थांबत नाही. अशा जागी टिकायचं तर पानं जाड हवीत, मेणचट हवीत आणि त्यांत साठा हवा. कोबीच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतो तो या मेणामुळेच. हाच कड्यावरचा कोबी सगळ्यांचा पूर्वज, असं बराच काळ मानलं जाई. पण २०२१ मध्येच झालेल्या एका जनुकीय अभ्यासात लागवडीतल्या कोबीचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक ग्रीसलगतच्या एजियन समुद्राच्या परिसरातली ब्रासिका क्रेटिका निघाली. अटलांटिकचा रानकोबी कदाचित जुन्या बागांतून निसटून रानटी झालेला असावा. मला हे पटतं. ग्रीक आणि रोमन लेखनात कोबीचा इतका जुना उल्लेख उगाच नाही. थिओफ्रास्टसनं इसवी सनापूर्वीच त्याचे कुरळ्या पानांचा, गुळगुळीत पानांचा आणि रानटी असे प्रकार सांगितले होते. रोमच्या कॅटोनं तर त्याला सगळ्या भाज्यांच्या वर बसवलं. त्यांच्यासमोर होती ती बहुधा सुट्या पानांची आणि जाड देठांची भाजी. घट्ट गड्डा बराच नंतर, मध्ययुगीन युरोपात आला. ब्रोकोली इटलीत घडली, ब्रसेल्स स्प्राउट्स आजच्या बेल्जियमच्या परिसरात, फ्लॉवर भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात.

हे कुणी आराखडा आखून केलेलं नाही. कुणाला जाड खोड आवडलं, त्यानं त्या झाडाचं बी धरलं. कुणाला मिटलेला शेंडा आवडला, त्यानं त्याचं. पुढच्या पिढीनंही तेच केलं, त्यापुढच्यांनीही. जर्सी बेटावर तर माणसापेक्षा उंच, तीन मीटरच्या आसपास वाढणारा कोबी तयार झाला आणि त्याच्या वाळलेल्या खोडांच्या हातकाठ्या होऊ लागल्या. शेतकऱ्यानं केलेल्या कामांत याहून मोठं काम मला तरी दिसत नाही. त्यातल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

नात्यातली इतर मंडळीही ओळखून ठेव. चिनी कोबी दिसतो कोबीसारखा, पण तो सलगमचा सख्खा भाऊ, ब्रासिका रापा. या घराण्याची वंशावळ १९३५ मध्ये ऊ जांग-चुन या शास्त्रज्ञानं मांडली. कोबीच्या जननपेशीत ९ गुणसूत्रं, सलगमच्यात १०, काळ्या मोहरीच्यात ८. त्यानं दाखवलं की १८ गुणसूत्रांची मोहरी ही सलगम आणि काळी मोहरी यांच्या संकरातून झाली आहे, आणि १९ वाली रेपसीड सलगम आणि कोबी यांच्या. ऊचे वडील कोरियन, आई जपानी, जन्म टोकियोचा. १९५० साली तो कोरियात गेला आणि युद्धानं पोळलेल्या त्या देशासाठी कोबी आणि मुळ्याचं चांगलं बियाणं तयार करण्यात १९५९ मध्ये मरेपर्यंत राबला. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, रशियातल्या गिओर्गी कार्पेचेन्कोनं मुळा आणि कोबी यांचा संकर करून बी धरणारं एक नवंच झाड उभं केलं होतं. खाण्याच्या दृष्टीनं ते उपयोगाचं नव्हतं, पण दोन वेगळ्या प्रजातींतून नवी, फळणारी वनस्पती होऊ शकते हे त्यानं सिद्ध केलं. १९४१ मध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. ही दोन्ही नावं लोकांना माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या वाफ्यांकडे येतो. हे झाड मुळात दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी साठवायचं, थंडी काढायची, मग फुलायचं. आपल्याला ते साठवण्याच्या टप्प्यातच हवं असतं (ब्रोकोली-फ्लॉवर थोडे पुढे). म्हणून दोन गोष्टी टाळायच्या. ते मध्येच अडायला नको, आणि घाईनं फुलावर जायला नको. रोपं चार ते सहा आठवड्यांची, पाच-सहा पानांची असतानाच लाव. फ्लॉवरचं रोप गादीवाफ्यावर जून झालं किंवा उपाशी राहिलं तर लावल्यावर लगेच बटणाएवढा गेंद धरतं आणि पुढे वाढतच नाही. याउलट कोबीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर कित्येक आठवडे दहा अंशांखालच्या थंडीत सापडलं, तर गड्डा न धरता फुलांचा दांडा काढतं. पाणी सारखं ठेव. ताण देऊन मग भरपूर पाणी दिलंस की तयार गड्डा फुटतो. तयार गड्डा काढायला उशीर होणार असेल तर झाड धरून हलकं पिळायचं म्हणजे काही मुळं तुटतात आणि पाण्याचा ओढा कमी होतो. फ्लॉवरचा गेंद दिसू लागला की बाहेरची पानं त्यावर ओढून बांध, नाहीतर उन्हानं तो पिवळा पडतो.

माती आम्ल असेल तर आधी चुना घाल. दोन कारणं आहेत. आम्ल मातीत मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य मिळत नाही आणि फ्लॉवरची पानं चाबकाच्या दोरीसारखी अरुंद होतात. दुसरं कारण जास्त गंभीर. मुळांवर गाठी आणणारा एक रोग आहे, रशियन शास्त्रज्ञ वोरोनिननं १८७० च्या दशकात त्याचं कारण शोधलं. एकदा शेतात शिरला की त्याचे बीजाणू दहा वर्षांहून जास्त काळ मातीत टिकतात, आणि चुन्यानं तो दबतो, मरत नाही. म्हणून फेरपालट हवीच. पण चार वाफे आपापसात फिरवले की फेरपालट झाली असं समजू नकोस. झाड एकच असल्यामुळे रोगाला काही फरक पडत नाही. मुळा, मोहरी, सलगमही त्याच घरातले. त्यानंतर कांदा लाव, वाटाणा लाव, काहीही लाव, पण या घराबाहेरचं.

किडींचंही तसंच. कोबीचं पान चिरलं की जो तिखट वास येतो, तो झाडाचा बचाव आहे. पेशींत दोन द्रव्यं वेगवेगळी ठेवलेली असतात, पान चावलं गेलं की ती एकत्र येऊन जळजळीत रसायन होतं. बहुतेक किडे दूर राहतात. पण कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीनं त्यावर उतारा मिळवलाय, आणि फुलपाखरू याच द्रव्यांवरून ओळखून अंडी घालतं. चौकोनी ठिपक्यांचा पतंग तर आणखी चिवट. बीटी या कीड मारणाऱ्या जिवाणूच्या फवारणीला उघड्या शेतात दाद न देणारी ती पहिली कीड. त्यामुळे एकाच औषधावर भिस्त ठेवू नकोस. कडेनं मोहरीची ओळ लाव. पतंग आधी तिकडे जातो, ती मोहरी वेळेवर उपटून नष्ट करायची. अळ्यांवर अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या दिसल्या तर त्यांना जपायचं.

शेवटी बी. ते तू धरावंस असा माझा आग्रह आहे, कारण झाड फुलताना पाहिल्याशिवाय त्याची पूर्ण ओळख होत नाही. मात्र चारांपैकी एकाचंच धर. जवळजवळ लावलेल्या वेगवेगळ्या कोबींच्या बियांतून डार्विननं २३३ रोपं वाढवली होती, त्यांतली फक्त ७८ आपापल्या जातीवर गेली. बाकीचे तीन प्रकार फुलण्याआधी खाऊन संपव. दुसरं, एकच झाड ठेवून भागत नाही. कोबी बहुधा स्वतःच्या परागानं फळत नाही, म्हणून चांगली निवडलेली बरीच झाडं हवीत. गड्ड्याचा कोबी ठेवलास तर वसंतात गड्ड्यावर सुरीनं फुली मारावी लागते, नाहीतर दांडा बाहेर पडायला अडतो. मला विचारशील तर पहिल्यांदा नवलकोल ठेव. खोडाचा आकार डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे निवडायला सोपं, आणि काही कापावं लागत नाही. थंडी पुरेशी पडली की वरून दांडा आपसूक येतो.

संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढची रोपं सारखी येत नाहीत. तेव्हा सरळ वाणच घे. पाकिटं घेण्याआधी त्यांवरची वाणांची नावं मला लिहून पाठव, मी पाहून कळवतो. वाफ्यांच्या मातीचा सामूही (पीएच) तपासून घे आणि आकडा लिही, म्हणजे चुना किती टाकायचा ते ठरवता येईल.

तुझा मित्र