क्रेडिट साठतील, पण चालतील कुठे?

महोदय,

विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट) खात्यात साठवणाऱ्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे एका संस्थेतले श्रेयांक दुसरीकडे नेता येतील, असे आपल्याकडे सांगितले जाते. यूजीसीचे नियम 2021 मध्ये आले, मुलांची खातीही उघडली गेली. पण खात्यात क्रेडिट जमा होणे वेगळे आणि पुढच्या विद्यापीठाने ते मान्य करणे वेगळे. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझा मुलगा इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजातून, यूसी डेव्हिसला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला) सिव्हिल इंजिनिअरिंगला गेला. ही वाट जवळून पाहिली, म्हणून लिहिते आहे.

कॅलिफोर्नियाने 1960 मध्ये उच्च शिक्षणाचा आराखडा केला, त्यात कम्युनिटी कॉलेजचे दार सर्वांना उघडे ठेवून तिथून विद्यापीठात जाण्याची सोय केली. आज अशी 116 कॉलेजे आहेत. राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला (इथले क्रेडिट) 46 डॉलर फी पडते, म्हणजे वर्षाची तीस युनिटे 1,380 डॉलरमध्ये होतात. यूसीची वर्षाची फी याच्या दसपटीहून जास्त आहे. शेवटची दोन वर्षे तिथे काढली की पदवी यूसीचीच मिळते.

तरीही दिवाळीच्या फराळाला एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "अगं, त्याला दुसरीकडे कुठेच अ‍ॅडमिशन मिळाली नाही का?" याचा मला अजून राग येतो. माझा धाकटा भाऊ सांगलीत डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. तीच गोष्ट इथे आल्यावर कमीपणाची कशी होते?

या व्यवस्थेचा कणा म्हणजे 'असिस्ट' ही अधिकृत वेबसाइट. आपले कॉलेज, जायचे विद्यापीठ आणि विषय निवडला की दोन रकाने उघडतात. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला कोर्स, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा आपल्या कॉलेजातला कोर्स. जोड नसेल तर तसेही स्पष्ट लिहिलेले असते. लॉगिन लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. पहिली टर्म सुरू होण्याआधीच आम्ही ती यादी छापून घेतली होती, आणि तिचा उपयोग लगेच कळला. कॅल्क्युलसचा पहिला भाग झाल्याशिवाय इंजिनिअरिंगचे फिजिक्स घेता येत नाही, आणि ते झाल्याशिवाय स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) नाही. यातला एक कोर्स मागे पडला की दोन वर्षांची अडीच-तीन होतात. शिवाय डेव्हिसला जे हवे तेच यूसीच्याच अर्व्हाइन कॅम्पसला हवे असेल असेही नाही. साठ युनिटे पुरी झाली, पण ती त्या विषयाची नसली तर उपयोग काय?

यूसीचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) ठरलेले कोर्स आणि गुण असल्यास प्रवेशाची हमी देतात. सप्टेंबरमध्ये अर्ज करायचा, हमी एकाच कॅम्पसची मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत, आणि देणारेही काही विषय वगळतात. हे सगळे मुलाला आधीच ठाऊक होते.

तिसऱ्या वर्षी नव्या जागी रुळणे जड गेले, हेही सांगायला हवे. बाकीच्यांच्या मैत्र्या, प्रोजेक्टचे गट आधीच ठरलेले. पहिल्या क्वार्टरला (तिथली साधारण तीन महिन्यांची टर्म) गुण घसरले, फोनवर बोलणे कमी झाले. पण कुठला कोर्स धरला जाईल आणि कुठला नाही, ही धाकधूक त्याला एक दिवसही नव्हती.

आपल्या मुलांना ती का असावी? कोल्हापूरच्या कॉलेजात दोन वर्षे शिकलेल्या मुलीला पुण्याला जायचे असेल, तर तिचे कुठले विषय तिथे चालतील हे तिला पहिल्या वर्षीच कळायला हवे. प्रवेश मागायला गेल्यावर खिडकीवर कळून काय फायदा? महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांनी निदान बीएस्सी आणि बीकॉमपासून सुरुवात करावी. विषयवार समकक्षतेची यादी बनवावी, दरवर्षी जूनच्या आधी ती सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी, आणि यादीत असलेला विषय नंतर नाकारता येणार नाही असा नियम करावा.

– एक आई, फ्रीमाँट (कॅलिफोर्निया), मूळ सांगली